सव्वादोन मीटर

रात्री अकरानंतर ऐरोलीच्या सेक्टर चारमध्ये
नेट बरं चालतं.
मशीनवर चादर टाकते, पाय पोटाशी घेते
आणि अशा दुकानात शिरते
जिथे कोऱ्या कापडाचा वासच नाही.

आधी रंग विचारतात.
चिंतामणी लिहिलं, तर गणपती आले,
पितळेचे, फायबरचे, गाडीत चिकटवायचे.
आमसुली लिहिलं, आमसुलं आली,
पाव किलोची पाकिटं.
मग मुकाट्याने त्यांच्या यादीतला निळा निवडला
आणि निळ्याची चार हजार दोनशे कापडं
एकाखाली एक, अंगठा दुखेस्तोवर.

दोन बोटांनी कापड मोठं होतं.
वीण दिसते, धागा दिसतो,
अजून ताणलं की नुसते चौकोन.
पण मुठीत धरून चुरगळता येत नाही.
कडेचा धागा ओढून काडी लावता येत नाही.
केस जळाल्याचा वास आला तर रेशीम,
कागदाचा आला तर सुती,
काळी गोळी झाली की समजायचं, गंडवलं.
इथे सगळ्यांवर प्रीमियम लिहिलंय.

ठाण्याला जांभळी नाक्यावर घाडीगावकर होते.
रंग नाही, भाव नाही,
ते विचारायचे, "कुणासाठी?"
जावेच्या आईसाठी, मी सांगायचे,
नवरा गेलाय, पण रंगाची हौस आहे अजून.
ते छताकडे बघायचे, शिडी सरकवायचे,
तीन तागे खाली.
चौथा कधी काढायला लागला नाही.
कात्रीची एक कच, मग हातानेच टर्रर्र.
त्या आवाजावरून कळायचं
कापडात जीव किती आहे ते.
आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.

काल म्हटलं, विचारत नाहीत तर आपणच सांगू.
लिहिलं,
"दिवसभर बसून असणाऱ्या माणसासाठी शर्टाचं कापड."
क्षणभर गोल गोल फिरलं.
आणि आली
खुर्चीची कव्हरं.
सहा नगांचा सेट, इलॅस्टिकवाली, धुता येणारी.

उदय जागाच होता. फोन दाखवला.
असा हसला की चाकं मागे गेली,
खुर्ची कपाटावर आपटली.
"घे की," म्हणाला, "एक हिला, एक मला."

परांचीवरून पडला त्याला सात वर्षं झाली.
एकोणीस तारखेला कळव्याच्या हॉलमध्ये
आमच्या थोरलीच्या मुलीचं लग्न.
मामाने म्हणे नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं.
हा बसेल.
पण पाठीशीच.

एक वाजता, कुठल्याशा निळ्याच्या तळाशी,
कुणा गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो सापडला.
दुकानाचे फोटो गुळगुळीत, हा हललेला.
ट्यूबच्या उजेडात, ओट्यावर, बाजूला कुकरचं झाकण.
कापडावर एक हात,
तर्जनीच्या टोकाला सुईचे बारीक ठिपके,
माझ्या बोटाला आहेत तसेच.
खाली लिहिलेलं:
रंग फोटोपेक्षा मळका.
बाबांच्या पाठीला टोचत नाही. ते पडूनच असतात.

चार हजार दोनशेत एकाच कापडाखाली
कुणासाठी ते लिहिलं होतं.
सव्वादोन मीटर मागवलं.
तीनदा पत्ता तपासला.

शनिवारी आलं. रंग मळकाच.
उदयने पालथा हात फिरवला, मानेवर घासून पाहिलं,
"बरंय," म्हणाला,
म्हणजे आवडलं.
पुढची बाजू दोन इंच आखूड कापली,
बसल्यावर पोटावर गोळा होऊ नये म्हणून.
मागची तेवढीच लांब.

रात्री तो झोपल्यावर
उरलेल्या पट्टीतून एक धागा ओढला,
मोरीत जाऊन काडी लावली.

कागदाचा वास.